बॅट मोडणारी, मांडी बधिर करणारी लो किक कराटेत आली कुठून?

७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेच्या ७५ किलोवरच्या गटाची फायनल सुरू होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ नं पुढे होता. त्यानं एक उंच लाथ फिरवली, ती इराणच्या सज्जाद गंजजादेहला बसली आणि गंजजादेह जागेवरच आडवा झाला. डॉक्टर धावले, स्ट्रेचर आलं.

मग सुवर्णपदक कोणाला मिळालं? स्ट्रेचरवरून गेलेल्या माणसाला. हमेदीनं जरुरीपेक्षा जोरात मारलं म्हणून त्याला बाद ठरवलं गेलं.

त्या दिवशी भारतात कित्येकांना हा प्रकार कळलाच नाही. कारण मोबाइलवर जे कराटे दिसतं त्यात दोन गडी छातीला छाती लावून उभे असतात, हातात ग्लोव्ह नसतात, आणि एकमेकांच्या मांडीवर अशा लाथा हाणतात की आवाज थेट प्रेक्षकांपर्यंत जातो. तिथं जोरात मारलं म्हणून कोणी बाद होत नाही. समोरचा लंगडायला लागला की टाळ्या पडतात.

दोन्हींचं नाव कराटेच. मिरा-भाईंदरमध्ये रविवारी सकाळी पांढरा ड्रेस घालून, कंबरेला पिवळा नाहीतर हिरवा पट्टा बांधून सोसायटीच्या हॉलकडे निघालेली पोरं दिसतात, त्यांच्या आईबाबांना विचारलं तर तेही ‘कराटेला पाठवतो’ एवढंच सांगतील. कुठलं कराटे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण तो विचारण्यासारखा आहे, आणि त्याच्या उत्तराचा धागा सापडतो या मांडीवरच्या लाथेत. तिला म्हणतात लो किक. जपानी नाव गेदान मावाशी गेरी. गेदान म्हणजे खालचा भाग, मावाशी म्हणजे वळसा घेऊन, गेरी म्हणजे लाथ. (मराठी मावशीचा याच्याशी काही संबंध नाही, पण क्लासमध्ये पोरं पहिल्या दिवशी हसतातच.)

तर ही लाथ कराटेत आली कुठून? इंटरनेटवर याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, ती ओकिनावाच्या जुन्या गुरूंची गुप्त विद्या आहे. दोन, ती थायलंडच्या मुआय थाईमधून उचलली. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण ज्या गोष्टीमुळे ती फुल कॉन्टॅक्ट कराटेची ओळख बनली ती या दोन्ही उत्तरांत नाही.

आधी ओकिनावाचं बघू.

कराटे मूळचं जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरचं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोला येऊन त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून ते जपानभर पसरलं. सिनेमात दिसतात तशा डोक्यापर्यंत जाणाऱ्या लाथा या जुन्या कराटेत जवळपास नव्हत्याच. लाथ असायची ती पोट, जांघ, गुडघा, नडगी इथपर्यंत. म्हणजे ‘खाली लाथ मारणं’ हे कराटेला नवीन अजिबात नाही.

पण ती लाथ वेगळी होती. तिचं नाव कान्सेत्सु गेरी, म्हणजे सांध्यावरची लाथ. पाय वर उचलायचा आणि पावलाची बाहेरची कड सरळ समोरच्याच्या गुडघ्यात खाली दाबून मारायची. हेतू एकच, गुडघा मोडणं. जीव वाचवायची वेळ आली तर हे ठीक आहे, पण शनिवारी सरावात मित्रावर मारली तर मित्र सोमवारी ऑफिसला जाणार नाही. म्हणूनच ही लाथ काता म्हणजे एकट्यानं करायच्या ठरावीक हालचालींमध्ये टिकून राहिली आणि स्पर्धांमध्ये तिला बंदी आहे. फुल कॉन्टॅक्ट कराटेतसुद्धा गुडघ्याच्या सांध्यावर सरळ लाथ मारायची परवानगी नसते.

आणि वळसा घेऊन येणारी लाथ, म्हणजे मावाशी गेरी? ती तर जुन्या कातांमध्ये सापडतच नाही. तिचं श्रेय बहुतेक वेळा गिचिन फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका यांना दिलं जातं. १९३० च्या दशकात त्यांनी शोतोकान कराटेत लांब पवित्रे आणि नव्या लाथा आणल्या. १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे आज कराटेचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की जी लाथ आठवते ती जेमतेम नव्वद वर्षांची आहे. तीही पावलाच्या पुढच्या गादीनं, झटका देऊन मारायची लाथ होती. गुडघा बाजूला उचलायचा, पाय चाबकासारखा सोडायचा आणि लगेच मागे घ्यायचा.

मांडीवरची लाथ चाबकासारखी नसते. ती कुऱ्हाडीसारखी असते.

हा फरक कळायला नडगी आठवा. रात्री अंधारात पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की डोळ्यांसमोर काजवे चमकतात, त्या हाडानं ही लाथ मारायची असते. पावलात २६ हाडं असतात, बहुतेक बारीक. ती कोणाच्या गुडघ्यावर किंवा कोपरावर आपटली तर मारणाराच पाय धरून बसतो. नडगीचं हाड मात्र एकसंध आणि जाड. पाय न दुमडता, खुबा वळवून, सगळं अंग मागे टाकून ते हाड समोरच्याच्या मांडीत घालायचं. मांडीच्या स्नायूच्या आत शरीरातलं सगळ्यात लांब हाड असतं. बाहेरून नडगी, आतून मांडीचं हाड, मधे स्नायू. पाट्यावर वरवंटा फिरावा तसा तो चेपला जातो. पहिल्या लाथेला माणूस हसून दाखवतो, तिसऱ्या-चौथ्या लाथेला पाय जड होतो, आणि मग कधीतरी त्या पायावर भार टाकायला जातो तेव्हा पाय ऐकत नाही.

नडगीनं लाथ मारायचं हे शास्त्र थायलंड, कंबोडिया, म्यानमार या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आणि कराटेवाल्यांची त्याच्याशी समोरासमोर गाठ पडली ती १९६४ मध्ये.

बँकॉकला गेलेले तिघे

मासुतात्सु ओयामा हे नाव कराटे शिकणाऱ्या कोणालाही माहीत असतं. जन्म १९२३ चा, कोरियातला. जपानला आले, फुनाकोशींकडे शोतोकान शिकले, मग गोजू-ऱ्यू शिकले. बैलांशी झुंज घेणारा माणूस म्हणून त्यांच्या कथा जगभर गेल्या. १९५० च्या दशकात टोकियोत त्यांनी स्वतःचा दोजो काढला. काही वर्षं तर एका जुन्या बॅले स्टुडिओत सराव चालायचा. त्यांचा मुद्दा साधा होता. त्या काळच्या कराटे स्पर्धेत ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवायचा असायचा. ओयामा म्हणायचे, न लागलेल्या ठोशाचा जोर कसा मोजणार? त्यांच्या दोजोत खरं मारायचे.

तिकडे ओसामु नोगुची नावाचे बॉक्सिंगचे एक प्रमोटर होते. थाई बॉक्सिंग आणि कराटे समोरासमोर आणलं तर लोक तिकीट काढून बघतील, हे त्यांनी ओळखलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये ओयामांच्या दोजोतले तिघे बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियमवर उतरले. तादाशी नाकामुरा, आकिओ फुजिहिरा आणि तिघांत ज्येष्ठ असलेले केन्जी कुरोसाकी. नाकामुरा आणि फुजिहिरा नॉकआउटनं जिंकले. कुरोसाकी मात्र थाई खेळाडूच्या कोपराचा फटका खाऊन हरले.

निकाल २-१, जपानच्या बाजूनं. जपानमध्ये याचा गाजावाजा झाला तो अर्थातच ‘कराटे जिंकलं’ असा. त्याच वर्षी ओयामांच्या संघटनेला क्योकुशिनकाई हे नाव घेऊन औपचारिक रूप मिळालं, आणि बँकॉकचा विजय तिच्या नावाला झळाळी देऊन गेला.

पण पुढच्या इतिहासाला वळण दिलं ते हरलेल्या माणसानं. कुरोसाकींनी थाई लोकांचं तंत्र मनावर घेतलं. नोगुचींनी १९६६ मध्ये जपानमध्ये किकबॉक्सिंग या नावानं नवा खेळच सुरू केला. १९६९ मध्ये कुरोसाकींनी टोकियोत मेजिरो जिम काढलं. तिथं कराटेची शिस्त आणि थाई लाथ एकत्र शिकवली जायची. त्यांचा चेला तोशिओ फुजिवारा १९७८ मध्ये बँकॉकच्या राजादम्नर्न स्टेडियमचा किताब जिंकणारा पहिला बिगरथाई खेळाडू ठरला. जिथं गुरू हरला त्याच शहरात.

क्योकुशिन आणि किकबॉक्सिंग यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. फुजिहिरा स्वतः पुढे किकबॉक्सिंगमध्ये खेळला. माणसं इकडून तिकडे जात होती आणि त्यांच्याबरोबर लाथही जात होती.

इथपर्यंत ऐकलं की गोष्ट संपल्यासारखी वाटते. थायलंडला गेले, लाथ बघितली, घेऊन आले. पण मग एक अडचण उरते. खुद्द थायलंडमध्ये मांडीवरची लाथ हा मुख्य माल नाही. बँकॉकच्या स्टेडियममध्ये बरगड्यांवर बसलेली लाथ, गुडघा, समोरच्याचा तोल घालवणं याला जास्त किंमत मिळते. मांडीवरच्या लाथेनं समोरचा लडबडला तर ठीक, नाहीतर गुणांच्या हिशेबात ती फार वर जात नाही. मग कराटेत येऊन तीच लाथ एवढी मोठी कशी झाली?

एका नियमानं सगळं बदललं

२० सप्टेंबर १९६९. टोकियो मेट्रोपॉलिटन जिम्नॅशियममध्ये क्योकुशिननं पहिली अखिल जपान खुली फुल कॉन्टॅक्ट कराटे स्पर्धा भरवली. कोणत्याही शैलीचा माणूस येऊ शकत होता. तेरुतोमो यामाझाकी पहिला आला.

या स्पर्धेचे नियम फार थोडे होते. ग्लोव्ह नाहीत. उघड्या मुठीनं छातीवर, पोटावर हवं तेवढं मारा. लाथ डोक्यावर मारा, पोटावर मारा, मांडीवर मारा. समोरचा पडला आणि तीन सेकंदांत उठून लढायला तयार झाला नाही, तर इप्पोन, म्हणजे सरळ विजय. पडून लगेच उठला तर वाझा-आरी, म्हणजे अर्धा गुण. जांघेत मारायचं नाही, सांध्यावर मारायचं नाही.

आणि हातानं तोंडावर ठोसा मारायचा नाही.

हा शेवटचा नियम का, ते उघड आहे. उघड्या मुठीचे ठोसे तोंडावर चालू दिले असते तर पहिल्याच फेरीत दात आणि नाकं गेली असती, मुठीची हाडंही गेली असती, आणि एका दिवसात चार-पाच लढती खेळणारं कोणी उरलं नसतं. ग्लोव्ह घातले असते तर ते बॉक्सिंग झालं असतं, आणि ओयामांना ते नको होतं.

पण नियम एक दार बंद करतो तेव्हा खेळाडू दुसरं शोधतोच. मांडीवर लाथ मारायला जवळ यावं लागतं, एका पायावर उभं राहावं लागतं. त्या क्षणी समोरच्यानं तोंडावर सरळ ठोसा दिला तर लाथ मारणारा पाठीवर पडतो. बॉक्सिंगमध्ये मुरलेल्या माणसासमोर निष्काळजीपणे लो किक टाकणं म्हणूनच महागात पडतं. तोंडावरचा ठोसाच नसेल तर मात्र ही भीती निघून जाते. दोघंही पुढे सरकतात, छातीला छाती लागते, हात छातीवर आणि पोटावर चालू राहतात. हात तिकडे गुंतल्यावर मांडी राखायला कोण आहे? ती समोर उघडी पडलेली असते. डोक्यावरची लाथ हुकली तर तोल जातो, मांडीवरची लाथ सहसा हुकत नाही.

फुल कॉन्टॅक्ट कराटेतल्या लो किकला घडवलं ते या नियमानं. थायलंडनं हत्यार दाखवलं, नियमानं ते रोजच्या कामाचं केलं.

हत्यार रोजच्या कामाचं झालं की ते घासलं जातं, तसंच झालं. लाथ आडवी येण्याऐवजी वरून खाली, तिरकी पडायला लागली, म्हणजे अगदी जवळ उभं राहूनही मारता यावी. हात पोटावर ठोसे मारतायत तोवर समोरच्याचं लक्ष वर असतं, त्याच ठोशांच्या शेवटी खाली लाथ. मांडीची बाहेरची बाजू, आतली बाजू, असे वेगळे हिशेब तयार झाले. १९७३ च्या अखिल जपान स्पर्धेचे विजेते हात्सुओ रोयामा यांची तर ही लाथ म्हणजे ओळखच होती. ते नडगीनं बेसबॉलच्या बॅट मोडून दाखवायचे. आज रील्समध्ये बॅट मोडणारे जे कोणी दिसतात ते त्याच वाटेनं आलेत. १९७५ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, कात्सुआकी सातो जिंकले, रोयामा दुसरे आले. तोवर लो किकशिवाय क्योकुशिनचा विचारच करता येत नव्हता.

बचावही सोबत तयार झाला. त्याला सुने-उके म्हणतात. लाथ येताना दिसली की आपला गुडघा उचलायचा आणि नडगी आडवी घालायची, म्हणजे त्याची नडगी आपल्या मांडीऐवजी आपल्या नडगीवर आपटते. दुखतं दोघांनाही. पण सहसा मारणाऱ्याला जास्त.

नियमच लाथ घडवतो याचा उलटा पुरावा अमेरिकेत आहे. तिथंही १९७४ मध्ये फुल कॉन्टॅक्ट कराटे सुरू झालं. नाव अगदी हेच. पण तिथल्या पीकेए संघटनेनं हातात ग्लोव्ह दिले, तोंडावर ठोसे मारायला परवानगी दिली आणि कंबरेखाली लाथ मारायला बंदी घातली. टीव्हीवर दिसायला उंच लाथा छान. पण खेळाडू सरळ बॉक्सिंगच करायला लागले, तेव्हा प्रत्येक फेरीत किमान ८ लाथा मारल्याच पाहिजेत असा नियम करावा लागला. म्हणजे जपानमध्ये लाथा आवरत नव्हत्या आणि अमेरिकेत मोजून मारायला लावाव्या लागत होत्या! तिथला मोठा चॅम्पियन बिल वॉलेस तर फक्त डाव्या पायानं लाथा मारायचा, कारण ज्युडो खेळताना त्याचा उजवा गुडघा गेला होता. एकच पाय पुढे धरून, बाजूला वळून उभं राहायचं. मांडीवर लाथ चालत असती तर तो पुढे धरलेला पाय किती वेळ टिकला असता, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

तो अंदाज नोव्हेंबर १९८८ मध्ये लास वेगासला खरा ठरला, फक्त माणूस वेगळा होता. अमेरिकेचा रिक रूफस विरुद्ध थायलंडचा चांगपुएक कियातसोंग्रित. रूफस उंच लाथा आणि ठोसे यांच्या शाळेत वाढलेला. पहिल्याच फेरीत त्यानं चांगपुएकचा जबडा मोडला, त्याला खालीही पाडलं. लढत संपली असं वाटत होतं. पण मोडक्या जबड्याचा माणूस उठला आणि शांतपणे रूफसच्या मांडीवर लाथा घालत राहिला. एकामागून एक, त्याच जागी. कॉमेंटरी करणाऱ्यांना यात काही कौशल्य आहे असंच वाटेना. चौथ्या फेरीत रूफसचे पाय संपले आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ही लढत आजही यूट्यूबवर लोक शोधून बघतात. त्यानंतर रिकचा धाकटा भाऊ ड्यूक यानं मुआय थाईचा रस्ता धरला.

युरोपची गोष्ट थोडक्यात. कुरोसाकींच्या मेजिरो जिममध्ये शिकलेल्या यान प्लास यांनी १९७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याच नावाचं जिम काढलं. तिथं डच बॉक्सिंगची भर पडली. दोन-तीन ठोसे आणि शेवटी लो किक, ही डच पद्धत तिथूनच आली. त्या जिमचा रॉब कामान ‘मिस्टर लो किक’ म्हणूनच ओळखला जायचा. पुढे १९९३ मध्ये जपानमध्येच के-वन स्पर्धा सुरू झाली, ती काढणारे काझुयोशी इशीई हेही क्योकुशिनमधूनच बाहेर पडलेले. १९९६ ची के-वन फायनल क्योकुशिनमध्ये घडलेला स्वित्झर्लंडचा अँडी हुग जिंकला, तोही गिरकी घेऊन टाच समोरच्याच्या मांडीत घालून. ठोसे तोंडावर चालतात अशा रिंगमध्येही ही लाथ टिकली, कारण एव्हाना ती ठोशांच्या आडून मारायला लोक शिकले होते.

मांडीवरून पोटरीवर

सध्याच्या पिढीला लो किक माहीत आहे ती यूएफसीमुळे. तिथं ती आणखी खाली उतरलीय, पोटरीवर. जानेवारी २०२१ मध्ये अबू धाबीला डस्टिन पॉरिएनं कॉनर मॅकग्रेगरची पोटरी अशी बडवली की दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगरला नीट हलताही येईना. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, पाय वर उचलणारी नस हाडाला चिकटून जाते. तिथं फटका बसला की पाऊल लुळं पडल्यासारखं होतं. मांडीसारखा तिच्यावर स्नायूचा जाड थर नसतो.

आणि मारणाऱ्याचं काय होतं ते २८ डिसेंबर २०१३ ला दिसलं. अँडरसन सिल्वानं ख्रिस वाइडमनला लो किक मारली, वाइडमननं गुडघा उचलला आणि सिल्वाचा पाय नडगीतून मोडला. योगायोग असा की एप्रिल २०२१ मध्ये वाइडमननं स्वतः उरायाह हॉलला मारलेली पहिलीच लाथ अशीच अडली आणि त्याचाही पाय तसाच मोडला. ज्यांचं आयुष्य नडगी कमावण्यात गेलं त्यांची ही गत.

आता मिरा-भाईंदरच्या क्लासकडे येऊ. ऑलिम्पिकवालं कराटे, म्हणजे जागतिक कराटे फेडरेशनच्या नियमांचं कराटे जिथं शिकवतात, तिथं लो किक स्पर्धेत चालत नाही. पायानं पाय झाडून समोरच्याला पाडता येतं, ते वेगळं. तिथं पोराला लवकर आत शिरून, गुण घेऊन, बाहेर पडायला शिकवतात. क्योकुशिन किंवा तिच्यातून निघालेल्या शाखांमध्ये मार सोसायला शिकवतात. दोन्हींत घाम आहे. पण आठ वर्षांच्या पोराला कुठं घालायचं आणि काय अपेक्षेनं घालायचं, हे वेगळं आहे. बोर्डावर ‘फुल कॉन्टॅक्ट’ लिहिलेलं असेल तर विचारावं की मुलांच्या लढतीत नडगीला पॅड आणि डोक्याला हेल्मेट असतं का, मांडीवर लाथ कितव्या वर्षापासून मारू देतात, आणि सरावात जोर किती ठेवतात. वाढत्या वयात हाडांची टोकं पूर्ण पक्की झालेली नसतात आणि गुडघ्याभोवतीच ती जास्त वाढत असतात. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

नडगी कमावण्याबद्दल रील्समध्ये जे चालतं ते तर न बघितलेलंच बरं. लोखंडी खांबावर लाथा, काचेची बाटली घासणं, लाटणं फिरवणं. हाडावर बेतानं ताण येत राहिला की ते हळूहळू घट्ट होतं हे खरं, पण त्याला वर्षं लागतात आणि त्यासाठी जड सँडबॅग पुरते. थायलंडमधले जुने खेळाडू केळीच्या झाडावर लाथा मारायचे याचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं झाडावर मारलं की झालं. भाईंदरची खाडी ओलांडून वसईत गेलं तर केळीच्या बागा आहेत, तिथं हात लावून बघावं. केळीचं खोड लाकूड नसतं, एकात एक गुंडाळलेल्या पाणीदार सोपांचा तो गठ्ठा असतो. तो दबतो. विजेचा खांब दबत नाही.

आणि सगळ्यात जास्त चूक होते ती घरी. पोरगा क्लासवरून लंगडत आला, मांडीवर सूज आहे, की आई किंवा आजी पहिल्यांदा तेल गरम करायला ठेवते. चेपलेल्या स्नायूच्या आत तेव्हा रक्त झिरपत असतं. गरम शेकानं आणि चोळण्यानं ते वाढतं, आणि काही जणांच्या बाबतीत तर साचलेल्या रक्ताच्या जागी पुढच्या आठवड्यांत स्नायूतच हाड धरायला लागतं. खेळाडूंवर उपचार करणारे डॉक्टर सुरुवातीला उलटं सांगतात. मालिश नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, वरून पट्टी, आणि गुडघा जमेल तेवढा दुमडून ठेवायचा, म्हणजे मांडीचा स्नायू ताणलेल्या स्थितीत राहतो आणि आखडत नाही. सूज वाढतच राहिली, मांडी दगडासारखी टणक झाली किंवा पायाला मुंग्या येऊन तो बधिर पडला तर थांबायचं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.